टेकडीवरून खाली गेलेला माणूस

जीपमधून उतरताना साहेबांनी आधी काठी टेकवली, मग उजवा पाय खाली ठेवला, आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतला. ड्रायव्हर मदतीला धावला, पण त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. आमचे आबा, माझे वडील, अंगणाच्या कडेला ठेवणीतला कोट आणि फेटा घालून उभे होते. छातीवर चार मेडलं. सकाळचा चहासुद्धा त्यांनी तिथंच, उभ्यानं घेतला होता.

"राम राम, पिसाळसाहेब," साहेब म्हणाले.

आबांनी खाडकन सलाम ठोकला. हात कपाळाशी गेला तो तिथंच राहिला. साहेबांनी सलाम घेतला, मग काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढं केला. आबांनी तो दोन्ही हातांत धरला.  आबांचा खालचा ओठ हलत होता.

ही एकोणीसशे एकोणसत्तरच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. साताऱ्याला बी. ए. करून तालुक्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. आमची निगुडवाडी पलटणीतल्या माणसांची. घरटी एक तरी माणूस फौजेत, आणि आबा त्या सगळ्यांचे जमादारसाहेब. पेन्शनीवर येऊन त्यांना वीस वर्षं झाली, तरी गावात भांडण लागलं की माणसं आधी आमच्या ओट्यावर यायची आणि मग चावडीवर जायची.

पंधरा दिवसांपूर्वी विलायतेहून पत्र आलं होतं. ते मीच आबांना वाचून दाखवलं. 'मी कर्नल हॉलम. चव्वेचाळीस साली इटलीत तुमच्या कंपनीचा कॅप्टन होतो. नाईक गेनू शेडगे याच्या पत्नीला मला समक्ष भेटायचे आहे. माझे मराठी गंजले आहे, दुभाष्या लागेल.' साहेब येणार म्हणून आबांचा चेहरा फुलला आणि गेनूचं नाव ऐकताच उतरला.

"गेनूच्या बायकोशी साहेबांचं काय काम?" ते म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यात आणखी काही नव्हतं.

गेनू शेडगे आमच्या गावात एका शब्दात सांगितला जायचा. पळाला. चावडीपुढं एक काळा दगड होता, दुसऱ्या महायुद्धात गावातली जी अकरा माणसं पडली त्यांची नावं त्यावर कोरलेली. तो दगड आबांनीच उभा करवला. गेनू परत आला नाही, पण त्याचं नाव त्यावर नव्हतं. सरकारी कागदात 'परवानगीवाचून जागा सोडून गेला, बेपत्ता' असा शेरा पडला होता, आणि तो पडला आबांच्या जबानीवरून. लढाई ऐन भरात असताना गेनू हत्याराशिवाय, एकटाच मागच्या बाजूला उतरून जाताना आबांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याची बायको, सारजाबाई, ओढ्यापलीकडं राहायची. मी तिला काकी म्हणायची, पण ते ओढ्यावर गाठ पडली तरच. तिच्या घरी आमचं जाणंयेणं नव्हतं. नवरा मेल्याचा कागद कधी आला नाही म्हणून ती कुंकू लावायची, हातभर हिरव्या बांगड्या भरायची, आणि बायका पाठीमागं म्हणायच्या, "पळपुट्याची सवाशीण." हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. एक बिघाभर रान होतं, त्यात ती राबायची.

साहेब ओट्यावर बसले. आईनं चहा दिला. आबा खुर्चीवर बसायला तयार नव्हते. साहेबांनी दोनदा सांगितलं तेव्हा कडेवर टेकले.

"साहेब, मेडलं आणली असतील ना? पोरीला बघू द्या की."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती असं मला वाटलं, कारण आबांचं बोलणं संपायच्या आतच साहेबांचा हात पिशवीकडं गेला होता. चपटी लाकडी पेटी होती. आत मखमलीवर दोन रांगांत मेडलं. सरहद्द, आफ्रिका, इटली, आणि सत्तेचाळीसनंतर ते गोऱ्या पलटणीत गेले तेव्हाची मलाया आणि कोरिया. एकतीस वर्षं त्या माणसानं फौजेखेरीज काही केलं नव्हतं. आबांचं बोट मात्र दुसऱ्या कशाकडं न वळता वरच्या रांगेतल्या चांदीच्या क्रुसावर गेलं.

"वत्सला, हे त्या टेकडीचं. बावीस माणसं उरली होती आमची वर. तीन हल्ले आले. दुसरा कुणी असता तर मागं निरोप धाडून माघार मागितली असती. साहेबांनी मागितली नाही. रात्रभर पाय रोवून उभे राहिले. सकाळी शत्रूच निघून गेला." आबांनी साहेबांकडं पाहिलं. "असला माणूस आम्ही पाहिला, साहेब. आमचं नशीब."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी पेटी मिटली, कडी लावली आणि चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

ओढ्याकडं निघालो तेव्हा साहेब आबांना म्हणाले, "पिसाळसाहेब, तुम्ही पुढं. मी हळू." हे त्यांनी मराठीतच सांगितलं. आबा पुढं गेले. दोन्ही बाजूंना शाळूची काढणी चालली होती. माणसं कंबर सरळ करून गोऱ्या साहेबाकडं पाहत होती. ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव होता, त्याच्या अलीकडं एका दगडावर साहेब बसले. मला वाटलं पाय दुखला असेल.

"मिस पिसाळ," ते इंग्रजीत म्हणाले, "आज मी तुम्हाला काय बोलायला लावणार आहे ते तुम्हाला आधी सांगायला हवं. गेनू सापडला."

मला वाटलं जिवंतच.

"नाही, नाही. त्याची हाडं. गेल्या उन्हाळ्यात तिथला एक शेतकरी द्राक्षांसाठी चर खणत होता. गळ्यातला बिल्ला तेवढा शाबूत होता, त्यावरून ओळख पटली. टेकडीच्या मागं, आमच्या ठाण्याकडं जाणाऱ्या घळीत. तोफेचा गोळा पडला असणार."

ते काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढू लागले.

"त्याला मी पाठवला होता."

मीही खाली टेकले.

"वायरलेस फुटला होता. संध्याकाळचे चार वाजले होते. मी मेजरला चिठ्ठी लिहिली. टिकाव धरवत नाही, माघारीची परवानगी द्यावी. गेनूकडं दिली. म्हटलं, रायफल ठेवून जा, उतारावर ओझं नको. आणि वाटेत कुणी विचारलं तरी तोंड उघडू नकोस, चिठ्ठीत काय आहे कळलं तर माणसं खचतील. तो गेला. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणून मी जागा सोडली नाही. सोडायची तरी कुणाच्या हुकमानं? सकाळी पाहिलं तर समोर कुणी नव्हतं. मला मिळालेल्या पदकाच्या कागदावर लिहिलंय की माझ्या मनात माघारीचा विचारही शिवला नाही."

"मग चौकशीत तुम्ही..." माझ्या तोंडून निघालं.

"तुमच्या वडिलांनी पाहिलं ते सांगितलं. गेनू हत्याराशिवाय मागं गेला, हाक मारली तर थांबला नाही. सगळं खरं. मग मेजर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, तुम्ही पाठवला होता का? पदकासाठी माझी शिफारस आदल्याच दिवशी वर गेली होती. मी म्हणालो, नाही." त्यांनी मातीतली रेघ पायानं पुसली. "एवढा एकच शब्द. त्यावर पुढची सगळी नोकरी उभी राहिली."

पलीकडच्या रानात कुणीतरी बैलांना हाकारत होतं. साहेब म्हणाले, "हाडं सापडल्याचं पत्र आलं तेव्हा मी उलट टपाली काय विचारलं सांगू? त्याच्याजवळ काही कागद मिळाला का. नाही, असं उत्तर आलं. मी बागेत गेलो आणि दुपारभर गुलाब छाटले. मजेत होतो मी. संध्याकाळी हात धुताना आरशात तोंड दिसलं, आणि मग मला जेवण जाईना."

"आबांना हे ठाऊक आहे?"

"नाही. त्यांच्या खरेपणाआड मी लपलो. तुम्ही तिला सगळं सांगा. मी सांगेन तसं, सगळं."

मी हो म्हटलं. आम्ही साकव ओलांडला. त्या चार पावलांत माझ्या डोक्यात सारजाकाकी नव्हती. आबा होते. पंचवीस वर्षं या साहेबाचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा. गावात लग्नाच्या पंगतीत, चावडीवर, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांनी ती टेकडी सांगितली होती. आणि गेनूची गोष्टही त्यांनीच सांगितली होती.

सारजाकाकी अंगणात शाळूची कणसं खुडत बसली होती. आबा कुंपणाच्या बाहेर उभे होते. आत आले नव्हते, आणि तिनं या म्हटलंही नव्हतं. साहेबांना पाहून ती उठली, पदर सारखा केला, घरातून घोंगडी आणून अंथरली. साहेबांना खाली बसता येत नव्हतं. मग तिनं उखळ पालथं घातलं आणि त्यावर घोंगडी टाकली. ते बसले.

साहेब बोलू लागले. सावकाश, एकेक वाक्य तोडून, मला वेळ मिळावा म्हणून. सगळं सांगितलं. चिठ्ठी, रायफल, चौकशी, तो एक शब्द. शेवटी म्हणाले, त्याला मी पाठवला होता आणि मी ते नाकारलं. मग माझ्याकडं पाहत थांबले.

कुंपणापलीकडं आबा ताठ उभे होते. ऊन त्यांच्या मेडलांवर पडलं होतं.

"काकी," मी म्हटलं, "गेनूकाका सापडले. टेकडीच्या मागच्या घळीत. तोफगोळा पडला, जागच्या जागी गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. साहेब म्हणतात, ते फार शूर होते."

साहेब यातलं 'शूर' म्हणाले नव्हते. काही कळलं नसेल, हेही मीच घातलं.

सारजाकाकीनं हातातलं कणीस टोपलीत ठेवलं. "कंची तारीख?"

मी साहेबांना विचारलं. चौदा ऑक्टोबर, चव्वेचाळीस.

"दिवाळीच्या तोंडावर." ती मग म्हणाली, "मागच्या घळीत म्हंजी, मागंच गेला व्हता."

"हो."

"का गेला व्हता?"

मी मान खाली घातली.

"त्यो येवढा येळ बोलला," ती म्हणाली, "आन तू येवढंच सांगतीस?"

"तेवढंच म्हणाले, काकी."

माझा स्वतःचा आवाज मला अगदी सरळ, वर्गात शिकवतानासारखा ऐकू आला. खोटं बोलायला काही लागत नाही हे मला तेव्हा कळलं. आपोआप होतं.

उखळावरून साहेब उठले. काठी घसरली तशी त्यांनी कुडाला हात टेकला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मराठी गंजलं असलं तरी मागं गेला, का गेला, तेवढंच म्हणाले, एवढे शब्द त्यांना पुरले होते.

"नाही," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता, तिच्याकडं बघत. "बाई, मी पाठवला."

तिला आधी उमगलं नाही.

"गेनू पळाला नाही. मी पाठवला. चिठ्ठी दिली. बंदूक ठेव, मी सांगितलं. बोलू नको, मी सांगितलं. मेजर विचारला मला, तू पाठवला? मी नाही बोललो. मी खोटं बोललो. मी." त्यांना पुढचा शब्द सापडेना. जवानांना हुकूम देण्यापुरतं शिकलेलं त्यांचं मराठी तिथं संपलं. ते उभेच राहिले.

कुंपणाचं फाटक वाजलं. आबा आत आले होते. साहेबांपुढं दोन पावलांवर येऊन थांबले. मला वाटलं सलाम करतात की काय. हात वर गेला नाही.

"साहेब, जबानी दिली तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसला होता."

"होय, पिसाळसाहेब."

"मी बोलत होतो आणि तुम्ही ऐकत होता."

"होय."

आबांनी फेटा काढला आणि काखेत धरला. फेट्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. मग सारजाकाकीकडं वळून म्हणाले, "सारजा, मी खोटं बोललो नाही गं. पाहिलं ते सांगितलं."

"न्हाई बोललात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पर तुमी आन तो एका शिवारात ढोरं राखली. एका दिवशी भरती झाला. डोळ्याला दिसलं ते सांगितलंत, भावजी. जे मनाला ठावं व्हतं, ते न्हाई सांगितलं."

  साहेबांना मी आता तिचा शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. ते ऐकत होते आणि डोळे मिटत होते.

मग त्यांनी पिशवीतून पेटी काढली, चांदीचा क्रूस सोडवला आणि तळहातावर घेऊन तिच्यापुढं धरला. हे गेनूचं आहे, म्हणाले. तिनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला. सोनाराच्या दुकानात पाहतात तसा.

"ह्याचं म्या काय करू?" तिनं परत दिला. "चावडीवर चला. सारं गाव ऐकंल असं सांगा. हिच्या तोंडून नगं, तुमच्या तोंडून."

'हिच्या' म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दिवस मावळायच्या आत साहेब चावडीवर उभे राहिले. आबांनीच माणसं गोळा केली, घरोघर फिरून. साहेबांनी मराठीत जमलं तेवढं सांगितलं, राहिलं ते इंग्रजीत, आणि मी काही न गाळता मराठीत केलं. सारजाकाकी बायकांच्या पुढं एकटी बसली होती. सांगून झाल्यावर एक म्हातारा शिपाई, तिसऱ्या प्लाटूनमधला, म्हणाला, "गेनूनं मला जाताना डोळा मारला हुता. मी म्हटलं ह्यो खुळा हसतोय कशाला." एवढं बोलून तो रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब गेले. आबा जीपपर्यंत पोचवायला गेले, हात जोडून नमस्कार केला. सलाम केला नाही. साहेबांनीही त्याची वाट पाहिली नाही.

बातमी कळल्यावर शेजारच्या चार बायका सारजाकाकीच्या दारात गेल्या, रीत करायला. आईनं मला हे सांगितलं. काकी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "पंचवीस वरसांत कुनी आत आलं न्हाई. आता बांगड्या फोडायला आलायसा व्हय? जावा घरी." त्या गेल्या. कुंकू ती लावतच राहिली.

साहेबांनी विलायतेला जाऊन आपला शब्द पाळला. सरकारला सगळं लिहून दिलं, क्रूस परत पाठवला. त्यांच्या तिथल्या वर्तमानपत्रात ते छापून आलं, जुन्या सोबत्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, असं त्यांनी एका पत्रात अगदी साध्या दोन ओळींत लिहिलं होतं. तक्रार नव्हती. इकडचा कागद यायला पुढची दिवाळी उजाडली. 'नाईक गेनू शेडगे, कर्तव्यावर असताना धारातीर्थी पडला.' आबांनी पाथरवट बोलावला आणि दगडावर बारावं नाव कोरून घेतलं. पाथरवट ठोकत होता तेवढा वेळ ते उन्हात उभे होते.

या आठ-नऊ महिन्यांत आबा माझ्याशी कमी बोलत. मी काय केलं ते त्यांना ठाऊक होतं, कुंपणाजवळून त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावले नाहीत. एकदाच, जेवताना, म्हणाले, "माझ्यासाठी केलंस ना?" मी मान हलवली. "माझ्यासाठी असलं काही करत जाऊ नकोस," म्हणाले आणि ताटावरून उठले.

सारजाकाकीला मी टाळतच होते. ओढ्यावर ती दिसली की मी वरच्या वाटेनं जायची.

नाव कोरून झालं त्या रविवारी सकाळी चावडीपुढं लोक जमले. हार आणले होते, शाळेची मुलं रांगेत उभी होती, सरपंचांनी भाषण लिहून आणलं होतं. सारजाकाकी आली नाही. निरोप गेला, तरी आली नाही. आबा म्हणाले, "वत्सला, तू जा."

मी गेले. ती अंगण सारवत होती, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. मी फाटकाशी उभी राहिले. बोलवायला आले होते, पण तोंडून भलतंच निघालं.

"काकी, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ठावं हाय."

"आबांकडं बघून खरं सांगवलं नाही मला."

"त्ये बी ठावं हाय." ती सारवतच होती. "सायेब उठून बोलला नसता तर? पुन्यांदा येऊन सांगितलं असतंस?"

मी उत्तर शोधलं. तिच्यापुढं हो म्हणणं सोपं होतं.

"माहीत नाही, काकी," मी म्हटलं.

तिनं हात थांबवला आणि मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "ह्ये खरं बोललीस," म्हणाली. "ये आत. वलं हाय तिथं पाय नगं दिऊस."

मी कडेकडेनं आत गेले आणि उंबऱ्यावर बसले. तेवढ्यात फाटक वाजलं. मला वेळ लागला म्हणून आबा मागोमाग आले होते.

"सारजा, माणसं खोळंबलीत."

"खोळंबू द्या." तिनं बादलीत हात बुडवले, धुतले, पदराला पुसले. "दगूड कुठं पळून जात न्हाई. भावजी, मी दीड वरीस नांदली त्याच्यासंगं, त्यातबी त्यो रजंवर घरी दोनच महिनं. तुमी चार वरसं व्हता. तिथं कसा व्हता त्यो? काय खायाचा, कुनाशी बोलायचा, कुनी मला कंदी सांगितलंच न्हाई. मी इचारायची कुनाला?"

 आबा फेटा काढून माझ्याशेजारी उंबऱ्याच्या पायरीवर बसले आणि तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला. 

"गेनूला समुद्र लागायचा," ते म्हणाले. "मुंबईहून बोट सुटली आणि तासाभरात आडवा. बारा दिवस ओकत होता."

"कुठलं! मला तर पत्रात लिव्हलं व्हतं, बोटीवर मी एकटाच उभा व्हतो, बाकी समदी आडवी पडली."

"ते पत्र मीच लिहून दिलं त्याला. हातात पेन धरवत नव्हतं. मला म्हणाला, लिही, गेनू एकटा उभा आहे."

सारजाकाकीनं ओला हात तोंडावर धरला. खांदे हलायला लागले, आणि मला क्षणभर कळेना ती हसते की रडते. मग हाताआडून हसू फुटलं, मोठ्यानं, आणि ते काही केल्या थांबेना.

"आन मी समद्या आळीला वाचून दावलं की वो त्ये!" ती म्हणाली. "बरं, म्होरं? म्होरं सांगा."

चावडीवरून कुणीतरी हाका मारत होतं. आबांनी तिकडं बघितलं नाही. ते पुढं सांगू लागले.